चूक दाखविणाऱ्याचे कर्तव्य

‘असत्य हे सत्य नव्हे.’ हे वचन एखाद्या वेदान्तग्रंथाच्या आरंभी शोभले असते. परंतु आम्ही ते प्रथम वाचले ते नारायण पेठेतील एका तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, रात्री साडेअकराच्या सुमारास, संगणकाच्या पडद्यावर आणि तांबड्या अक्षरांत. मूळ वाक्य अर्थात इंग्रजी होते. वरील मराठी रूप आमचे. आमची भाची शिक्षणासाठी म्हणून आमच्या घरी राहिली, ती पुढे नोकरीसाठीही राहिली. दिवसा ती हिंजवडीस जाते आणि दिवसाचे काम पुष्कळदा रात्री घरी घेऊन येते. त्या रात्री ती तासभर त्या एका ओळीपुढे बसून होती. आम्ही सहज विचारले, “काय म्हणतो तुझा संगणक?” तिने वाचून दाखविले. आम्ही म्हणालो, “हे तर शंकराचार्यांनाही मान्य व्हावे.” त्यावर ती हसली नाही. तिचा चेहरा पाहून आम्हांस आमच्या विनोदाची लाज वाटली. आणि ज्या वाक्याशी कोणाचाही मतभेद होणे शक्य नाही, ते वाक्य एखाद्या माणसास इतके असहाय कसे करू शकते, हा प्रश्न मनात राहिला.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही अशा वाचकांसाठी थोडा खुलासा केला पाहिजे. प्रोग्रॅम म्हणजे संगणकाने करावयाच्या कामाची लेखी आज्ञा. ती लिहिणारा माणूसच असल्यामुळे तीत चुका राहतात, आणि आज बरोबर असलेली आज्ञा उद्या दुसऱ्या कोणी हात लावल्यामुळे बिघडते. यास्तव सूज्ञ लोक प्रत्येक लहान भागाशेजारी त्याची परीक्षाही लिहून ठेवतात. व्याजाचा हिशेब करणारा भाग असेल, तर १०० रुपयांवर दरसाल दरशेकडा ५ प्रमाणे एका वर्षाचे व्याज ५ रुपयेच आले पाहिजे, असे तेथे नमूद असते. अशा शेकडो, प्रसंगी हजारो परीक्षा क्षणार्धात घेऊन निकाल सांगणारी साधने असतात. अमेरिकेतील केंट बेक आणि स्वित्झर्लंडचे एरिक गामा यांनी १९९७ साली झुरिकहून अटलांटास जाताना विमानात बसल्या बसल्या जावा भाषेसाठी असे एक साधन लिहिले. त्याचे नाव ‘जेयुनिट’. बेक यांनी त्यापूर्वी दुसऱ्या एका भाषेसाठी असेच साधन केले होते, आणि पुढे त्याच वळणाची साधने बहुतेक सर्व भाषांत झाली. सर्व परीक्षा उतरल्या तर हिरवी पट्टी, एक जरी फसली तरी तांबडी. हिरव्या पट्टीस काही बोलावे लागत नाही. तांबडीला मात्र बोलणे प्राप्त आहे, आणि आमचा प्रश्न तेथे सुरू होतो.

या साधनांच्या बोलण्याच्या तऱ्हा पाहण्यासारख्या आहेत. पायथॉन भाषेतील अगदी साधी परीक्षा फसली, तर कोणत्या ओळीत फसली ते कळते, का फसली ते कळत नाही. त्याच भाषेच्या नेहमीच्या साधनास ‘हे खरे आहे ना?’ एवढेच विचारले, तर ते आमच्या भाचीस मिळालेले ब्रह्मवाक्य उच्चारते. ‘या दोन वस्तू समान आहेत ना?’ असे विचारले, तर ‘४ आणि ५ समान नाहीत’ इतके तरी सांगते. पण त्यांत हवे होते कोणते आणि आले कोणते, हे ताडण्याचे काम वाचणाराकडेच राहते. जेयुनिट म्हणते, ‘अपेक्षा ५ ची होती, निघाले ४.’ आणि ‘पायटेस्ट’ नावाचे साधन तर फसलेले विधान सोडवून, त्याच्या प्रत्येक अवयवाची त्या क्षणी काय किंमत होती ते वेगवेगळे मांडून दाखविते. चूक चारही ठिकाणी तीच. तिच्यापुढे बसलेल्या माणसाची रात्र मात्र चार प्रकारांनी जाते.

भाचीच्या प्रकरणात साधनावर सगळा दोष टाकणे अन्यायाचे झाले असते. ज्याने ती परीक्षा लिहिली होती, त्याने दोन शब्दांची तुलना स्वतःच करून ‘जुळत नाहीत’ एवढा निकाल साधनाच्या हाती दिला होता. ते शब्द कोणते, हे साधनास कधी कळलेच नाही. पुरावा न पाहता केवळ निकालपत्र हाती आलेल्या बेलिफाने कारणे कोठून सांगावीत? आणि परीक्षा लिहिणाराने असे का केले, हेही समजण्यासारखे आहे. लिहिताना त्याच्या डोळ्यांसमोर सर्व काही होते, त्यामुळे आणखी काही सांगणे त्यास अनावश्यक वाटले. परीक्षा फसेल तेव्हा ती वाचणारा दुसराच कोणी असेल, किंवा सहा महिन्यांनंतरचा तो स्वतःच असेल, आणि सहा महिन्यांनंतरचा स्वतः हाही एक परकाच मनुष्य असतो, हे त्याच्या ध्यानी आले नाही. अशा साधनांत परीक्षा लिहिणारास आपले दोन शब्द जोडण्याची सोय बहुधा असते. ती रिकामी राहते. परीक्षा प्रथम मुद्दाम फसू द्यावी आणि मगच उतरवावी, असा जो परिपाठ केंट बेक प्रभृती घालून देतात, त्याचा एक लाभ आम्हांस फार मोलाचा वाटतो: आपलाच निरोप एकदा तरी परक्याच्या डोळ्यांनी वाचावयास मिळतो.

आमच्या पेठेस ही गोष्ट नवी वाटू नये. १८८१ साली निघालेल्या ‘केसरी’चे बिऱ्हाड पुढे ज्या गायकवाड वाड्यात आले, तो वाडा टिळकांनी १९०५ साली घेतला, आज त्यास केसरीवाडा म्हणतात. शिशाचे खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळी छापखान्यात मुद्रितशोधकाची जी रीत होती, ती आज संगणकाच्या काळातही कागदावर मुद्रिते तपासणारे पाळतात. शोधक चुकलेल्या अक्षरावर काट मारतो आणि त्याच ओळीच्या समासात तेथे काय हवे ते लिहितो. काय आहे, काय हवे, आणि कोठे. तिन्ही गोष्टी एका दृष्टिक्षेपात. जुळाऱ्यास मजकुराचा अर्थ कळो वा न कळो, त्याचा हात नेमका त्या खिळ्यावर जात असे. पानाच्या वर ‘अशुद्ध’ एवढाच शेरा मारून मुद्रित परत करणारा शोधक कोणत्याही छापखान्यात आठ दिवस टिकला नसता. मग तोच शेरा शाळेच्या वहीत, कचेरीच्या टपालात आणि संगणकाच्या पडद्यावर इतका निर्वेधपणे कसा टिकतो? आम्हांस याचे कारण असे दिसते की, छापखान्यात शोधक व जुळारी यांना एकच पान वेळेवर काढावयाचे असते. जेथे चूक दाखविणाराचे काम चूक दाखविण्यापाशीच संपते, तेथे शेरा आखूड होत जातो.

मध्यंतरी आमचा एक अर्ज एका कचेरीतून तीन वेळा परत आला. तिन्ही वेळा त्यावर ‘त्रुटीपूर्तता करावी’ असा शिक्का होता. त्रुटी कोणती, हे विचारण्यास गेलो तेव्हा खिडकीतील गृहस्थ म्हणाले, “ते तुम्हांस माहीत असावयास हवे.” ते माहीत असते तर आम्ही ती करून कशास पाठविली असती? पण त्याहून लक्षात राहिली ती आमच्या मनाची अवस्था. तिसऱ्या वेळी घरी परतताना कचेरीचा राग येण्याऐवजी, आपणांस साधा अर्ज भरता येत नाही, असे वाटू लागले होते. कारणावाचून दिलेला नकार माणसास चुकीकडे नेत नाही. तो त्यास स्वतःविषयीच्या संशयाकडे नेतो. भाचीच्या चेहऱ्यावर त्या रात्री हेच होते.

एवढ्यावर कोणी म्हणेल की, हा सौजन्याचा प्रश्न झाला, नीतीचा नव्हे. त्यांनी ‘थेरॅक-२५’ या यंत्राची हकीकत वाचावी. कॅनडात तयार झालेले हे किरणोपचाराचे यंत्र अमेरिका व कॅनडा येथील रुग्णालयांत वापरात होते, आणि जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात त्याने सहा रुग्णांस नेमल्याच्या कित्येक पट किरणमात्रा दिली. काही जण त्या आघाताने मरण पावले. मूळ दोष यंत्राच्या प्रोग्रॅममध्ये होता, आणि तो सावरणारी यांत्रिक अटकाव-व्यवस्था काढून टाकण्यात आली होती. त्याचा येथे विस्तार नको. आम्हांस सांगावयाचे आहे ते १९८६ च्या मार्चमध्ये टेक्सासमधील टायलर गावच्या रुग्णालयात पडद्यावर काय उमटले ते. यंत्र थांबले आणि त्याने सांगितले, ‘बिघाड ५४’. यंत्रावर लावलेल्या कागदात या आकड्यापुढे ‘मात्रा-निवेश २’ अशा अर्थाचे दोन शब्द होते. त्यांचा अर्थ, पुढे चौकशीत निष्पन्न झाल्याप्रमाणे, ‘मात्रा फार जास्त गेली किंवा फार कमी गेली’ असा होता! शिवाय नेमलेल्या २०२ एककांपैकी केवळ ६ गेल्याचे पडद्यावर दिसत होते. यंत्र चालविणाऱ्या बाईस असे आकडी बिघाड पाहण्याची सवय झालेली होती; तिने पुढे चालू ठेवण्याची कळ दाबली, आणि आतल्या खोलीत वेदनेने उठू पाहणाऱ्या रुग्णास दुसरा झटका बसला. त्या बाईस दोष देणे आमच्याने होत नाही. जो निरोप ‘जास्त’ आणि ‘कमी’ यांत भेद करीत नाही आणि दिवसातून अनेकदा क्षुल्लक कारणासाठी येतो, तो ऐकू नये असे तो स्वतःच माणसास शिकवीत असतो.

येथवर आम्ही असे गृहीत धरले आहे की, परीक्षक बरोबर असतो आणि काम चुकलेले असते. वस्तुतः असे नेहमी नसते, आणि या प्रश्नाचे मर्म आमच्या मते येथेच आहे. जेयुनिटमध्ये अपेक्षित वस्तू आधी व प्रत्यक्ष वस्तू मागून लिहावयाची असा संकेत आहे. घाईत कोणी त्यांची अदलाबदल केली, तर हिशेब बरोबर असेपर्यंत काहीच कळत नाही. तो बिघडला की साधन ठाम स्वरात उलटे सांगते, आणि वाचणारा ती चूक भलत्याच बाजूस शोधू लागतो. त्याहून गहन प्रकार म्हणजे अपेक्षाच चुकीची, किंवा वादग्रस्त, असणे.

पंचांगाचा वाद ज्यांच्या घरी पोचला आहे त्यांना हे फोडून सांगावयास नको. गणेश दैवज्ञांच्या १५२० च्या ‘ग्रहलाघवा’वरून मांडलेली पंचांगे तीनशे वर्षांनी आकाशाशी जुळेनाशी झाली. ग्रहण ही मोठी कठोर परीक्षा असते. ती नुसते ‘चुकले’ म्हणत नाही, किती घटका व किती पळे चुकले ते सर्व गावासमक्ष सांगते. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६५ पासून इंग्रजी नाविक पंचांगाच्या आधारे नवे पंचांग काढले, ते या मोजता येणाऱ्या फरकाच्या बळावर. येथवर वाद मिटण्याजोगा होता. पुढे त्यांचेच शिष्य टिळक यांनी ज्या पंचांगाचा पुरस्कार केला, त्याचा आणि इतर प्रचलित पंचांगांचा भेद मात्र निराळ्या जातीचा आहे. दोघांचे सूर्यचंद्र आकाशात एकाच ठिकाणी असतात, तिथीही एकच असते; राशिचक्राचा आरंभ कोठे धरावयाचा, यात सुमारे चार अंशांचे अंतर आहे. त्यामुळे संक्रांती सुमारे चार दिवसांनी मागेपुढे होतात, एखाद्या वर्षी अधिक महिना निराळा येतो, आणि एकाच पेठेतील दोन घरांच्या गणपतींत महिन्याचे अंतर पडते. अशा वर्षी एका घराने दुसऱ्यास ‘तुमचा गणपती चुकला’ असे म्हटले, तर त्यास काय उत्तर द्यावे? ‘आम्ही आरंभ येथे धरतो, म्हणून आमच्या हिशेबी हा भाद्रपद’ असे म्हटले, तर मात्र बोलणे शक्य होते. यास्तव काय हवे होते व काय आले एवढे सांगून चूक दाखविणाराची सुटका होत नाही. ‘हवे होते’ हे कोणत्या आधाराने, हेही त्याने उघडे केले पाहिजे. कारण तो आधार दिसला, तरच समोरच्यास ‘तुमची परीक्षाच चुकली आहे’ असे म्हणण्याची वाट राहते. आधार झाकून ठेवणारा परीक्षक आपल्या चुकीचे रक्षण दुसऱ्याच्या चुकीआड करीत असतो.

याविरुद्ध दोन आक्षेप ऐकू येतात. जुने गुरुजी म्हणत की, सर्वच सांगितले तर विद्यार्थी पंगू होतो, त्याने आपली चूक आपण शोधावी. यात तथ्य आहे. पण चूक कोठे आहे हे सांगणे आणि ती कशी सुधारावी हे सांगणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत. गणिताच्या तिसऱ्या पायरीवर बोट ठेवणारा गुरू उत्तर सांगत नाही. नुसती फुली मारणारा विद्यार्थ्यास विचार करावयास लावतो असे म्हणणे म्हणजे, वाट न सांगणारा माणूस पांथस्थास व्यायाम देतो असे म्हणणे होय. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. निरोप सविस्तर करावयाचा म्हणून काही साधने शेपन्नास ओळी ओततात, आणि हवी ती ओळ त्यांत बुडते. काही साधने कारणाचा तर्क करून तोच निश्चयाने सांगतात, आणि वाचणारा दोन तास चुकीच्या विहिरीत उतरतो. खोटा खुलासा मौनापेक्षा वाईट, हे आम्हांस मान्य आहे. म्हणून जे पाहिले ते पाहिले म्हणून सांगावे आणि जे तर्काने सुचले ते प्रश्न म्हणून. पायथॉनच्या २०२१ मधील आवृत्तीपासून एखादे नाव लिहिण्यात चुकले, तर ‘तुम्हांस अमुक म्हणावयाचे होते काय?’ असे ती भाषा विचारते. त्या प्रश्नचिन्हात आम्हांस पुष्कळ सुसंस्कृतपणा दिसतो.

आता भाचीच्या कामाकडे वळू. तिने त्या परीक्षेचे शब्द बदलले आणि दोन्ही नावे साधनाच्या स्वाधीन करून पुन्हा विचारले. प्रोग्रॅम मराठी गावांच्या याद्या लावण्याचा होता. साधनाने या खेपेस अधिक सांगितले: ‘कऱ्हाड’ आणि ‘कऱ्हाड’ समान नाहीत! आम्ही चष्मा पुसला. दोन्ही नावे वरखाली लिहिलेली, काना, ऱ, ह, सर्व तेच. आता साधन खोटे बोलत होते काय? नव्हते. संगणक अक्षरे क्रमांकांनी ओळखतो. एका यादीत ‘ऱ’ हे २३५३ क्रमांकाचे एकच अक्षर होते. दुसरीत २३५२ चा ‘र’ आणि त्याखाली २३६४ चा नुक्ता अशी जोडी होती. पहिल्या कऱ्हाडात सहा क्रमांक, दुसऱ्यात सात. कागदावर मात्र रेषेचाही फरक नाही. म्हणजे हवे होते काय आणि आले काय हे प्रामाणिकपणे सांगूनही, ज्या रूपात सांगितले त्या रूपात भेद दिसतच नव्हता. हे शोधण्यास तिला आणखी दोन तास लागले. ज्यांनी हे साधन रचले त्यांच्या लिपीत असा प्रसंग क्वचितच येत असावा. आमच्या लिपीत तो नित्याचा. सांगणाराने सांगितले, पण ऐकणारा कोण आहे याचा विचार केला नाही, याचे यापेक्षा चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

दोन्ही याद्यांतील अक्षरे प्रथम एकाच रूपात आणून मग तुलना करावी, हा त्यावर उपाय होता. तो तिने केला. परंतु तेवढ्यावर न थांबता तिने पाचसात ओळी आणखी लिहिल्या. दोन शब्द दिसण्यात सारखे आणि क्रमांकांत निराळे असतील, तर पहिला फरक कितव्या ठिकाणी आहे आणि तेथे दोन्हीकडे कोणते क्रमांक आहेत, हे आता तिच्या परीक्षा सांगतात. “तुझे काम तर झाले होते,” आम्ही म्हणालो. “माझे झाले, मामा,” ती म्हणाली, “पुढच्या माणसाचे व्हायचे आहे.” तेव्हा रात्रीचे दोन वाजून गेले होते, आणि लक्ष्मी रस्त्यावरही सामसूम झाली होती.

हा लेख लिहून झाल्यावर आम्ही तो तिला वाचून दाखविला. कचेरीच्या शिक्क्याचा भाग तिला आवडला. मग आमच्या मेजावर कडेला ठेवलेल्या गठ्ठ्याकडे बोट करून तिने विचारले, “मामा, आणि तुमचे ते काय?” एका मासिकासाठी आलेले लेख वाचून देण्याचे काम गेली काही वर्षे आमच्याकडे आहे. नापसंत लेखांवर आम्ही आमच्या वडीलधाऱ्यांच्या रीतीप्रमाणे दोन शब्द लिहितो: ‘साभार परत’. आम्ही तिला सांगितले की, लेख फार येतात, वेळ थोडा असतो, कारण लिहिले तर लेखक वाद घालीत बसतात, आणि पुष्कळदा आमची अपेक्षा काय होती हे आम्हांसच नीट सांगता येत नाही. शेवटचे कारण तोंडातून गेले आणि आम्ही थांबलो. ती काही बोलली नाही. स्वयंपाकघरात जाऊन तिने चहा ठेवला. गठ्ठ्यातील सर्वांत वरचा लेख आम्ही पुन्हा उघडला आहे. तिसऱ्या पानाच्या समासात एक खूण केली आहे, आणि तिच्यापुढे काय लिहावे याचा विचार करीत आहो.